ग्रॅन टुरिस्मो ७ : सुरुवातीला क्रेडिट्स कमवायचे कसे आणि वाचवायचे कुठे? सल्ला हवा

नवखा_चालक

पीएस ५ वर जीटी ७ (ग्रॅन टुरिस्मो ७, गाड्यांच्या शर्यतींचा गेम) नुकताच सुरू केलाय. कॅफेचं १२ वं मेनू बुक (कॅफेत क्रमाने मिळणारं काम) चालू आहे आणि खात्यात जेमतेम दीड लाख क्रेडिट्स (गेममधले पैसे) उरलेत. शर्यतीमागे काही हजार मिळतात, तर लेजंड कार्सच्या (दुर्मिळ, नामांकित गाड्यांच्या) दुकानात किमती थेट कोटीत. प्रश्न तीन :

१) या टप्प्यावर पैसे सगळ्यात लवकर कुठून येतात?
२) कुठली खरेदी टाळावी?
३) यूट्यूबवर 'फिशरमन्स रँच पुन्हा पुन्हा पळवा' असं सांगणारे बरेच व्हिडिओ आहेत. ते अजून चालतं का?

गाडी कंट्रोलरवर चालवतो, स्टिअरिंग व्हील नाही.

---

पिटलेन_७

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. ते व्हिडिओ मार्च २०२२ मधले, गेम आला त्या महिन्यातले. तेव्हा फिशरमन्स रँचच्या मातीच्या शर्यतीत पहिल्या नंबरला ६५,००० मिळायचे. १.०७ अपडेटने ते ३०,००० वर आणले. लोक भडकले, मग एप्रिल २०२२ मध्ये १.११ अपडेट आलं आणि बरीच बक्षिसं वाढली, एक-एक तासाच्या नव्या शर्यती आल्या, कमावलेले क्रेडिट्स साठवायची मर्यादाही २ कोटींवरून १० कोटी झाली. म्हणून कुठलाही व्हिडिओ बघताना आधी तारीख बघा. एप्रिल २०२२ च्या आधीचा असेल तर सोडून द्या.

---

घाटमाथा

पहिल्या दोन प्रश्नांवर सविस्तर लिहितो.

१२ व्या मेनू बुकवर असताना पैशाच्या मागे लागूच नका. कॅफे पूर्ण करा. मोठ्या बक्षिसांच्या वर्ल्ड टूरिंग कार ७०० आणि ८०० सारख्या शर्यती शेवटच्या मेनू बुक्सनंतर, म्हणजे ३९ वं पूर्ण झाल्यावरच हाताला लागतात. त्याआधी एकच छोटी शर्यत पन्नास वेळा पळवून जे मिळेल ते नंतर दोन शर्यतींत मिळतं.

कॅफेत असताना नियम एकच : मेनू बुकमध्ये मागितलेली गाडी विकत घेऊ नका. तीन गाड्यांचं चित्र दिसलं की नवखा माणूस थेट ब्रँड सेंट्रलमध्ये (नव्या गाड्यांच्या दुकानात) जातो आणि दोन-तीन लाख घालवून बसतो. त्याच गाड्या त्या-त्या शर्यतीत पहिल्या तिनात आलात की बक्षीस म्हणून मिळतात. पहिला नंबरही लागत नाही, तिसरा पुरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, क्लीन रेस बोनस. दुसऱ्या गाडीला किंवा भिंतीला जोरात न धडकता, कोपरे न कापता शर्यत संपवलीत तर बक्षिसावर ५० टक्के जादा मिळतात. ही रक्कम किरकोळ समजू नका. पुढे ज्या शर्यतींना साडेपाच लाख मिळतात, तिथे एका धक्क्याची किंमत पावणेतीन लाख होते. धक्का तुम्ही दिलात की मागच्याने तुम्हाला दिला हे गेम दर वेळी नीट ओळखत नाही, त्यामुळे पहिल्या वळणावर घोळक्यात शिरायचं नाही. ब्रेक नेहमीपेक्षा थोडा आधी लावा, आतली बाजू धरून ठेवा, सरळ रस्ता आल्यावर पुढे काढा. हलका स्पर्श चालतो, पण गाडी हलली की बोनस गेला असं धरून चाला.

आणि हे बहुतेकांना माहीत नसतं : काठिण्यपातळी 'सोपी' ठेवली तरी क्रेडिट्स कमी मिळत नाहीत. ट्रॅक्शन कंट्रोल किंवा ब्रेकिंगची मदत चालू असली तरी पैसे कापले जात नाहीत. दुसऱ्या काही गेममध्ये मदत बंद केली की टक्के वाढतात, इथे तसं नाही. तुम्ही कंट्रोलरवर आहात, तेव्हा ट्रॅक्शन कंट्रोल १ किंवा २ वर ठेवा, एबीएस चालू ठेवा आणि प्रतिस्पर्धी सोप्या पातळीवर ठेवा. स्पर्धेची मजा हवी असेल तेव्हा पातळी वाढवता येईल, पैसे कमवताना गरज नाही.

---

टायरवाला

वरच्या प्रतिसादाला जोड म्हणून गाडीवरच्या खर्चाबद्दल लिहितो, कारण पैसा तिथेच गळतो.

नवखे आधी टर्बो घेतात. मग गाडी सरळ रस्त्यावर पळते, वळणावर घसरते, भिंतीला लागते आणि बोनस जातो. क्रम असा ठेवा : आधी स्पोर्ट्स सॉफ्ट टायर, मग वजन कमी करण्याचा पहिला टप्पा, मग एअर फिल्टर आणि सायलेन्सरसारखे स्वस्त भाग. कॅफेच्या निम्म्या शर्यती एवढ्यावर निघतात.

काही बदल कायमचे असतात, हे लक्षात ठेवा. वजन कमी करणं, बॉडीचा कडकपणा वाढवणं, इंजिनाचं बोअर-अप, स्ट्रोक-अप, पोर्ट पॉलिश, जीटी ऑटो या कार्यशाळेतली वाइड बॉडी, हे एकदा केलं की परत काढता येत नाही. नंतर त्याच गाडीला कमी पीपीच्या (पीपी म्हणजे गाडीच्या क्षमतेचे गुण) शर्यतीत न्यायचं असेल तर पॉवर रिस्ट्रिक्टर (ताकद दाबणारा भाग) आणि बॅलास्ट (जादा वजन) लावून पीपी खाली आणावे लागतात. म्हणजे ताकद विकत घ्यायला पैसे आणि तीच दाबायला पुन्हा पैसे.

तेलाचंही एक आहे. जुन्या गाड्यांच्या दुकानातून घेतलेल्या गाडीचं तेल बहुधा उतरलेलं असतं, त्यामुळे ताकद कमी दाखवते. जीटी ऑटोमध्ये तेल बदललं की ताकद लगेच वाढते. खर्च नगण्य, फायदा मोठा. पण ताकदीबरोबर पीपीही वाढतात. गाडी बरोबर ७०० पीपीवर बसवली असेल आणि नंतर तेल बदललंत, तर ती ७०० च्या वर जाते आणि शर्यतीत प्रवेशच मिळत नाही. म्हणून आधी तेल, मग सेटिंग.

---

नवखा_चालक

खूप धन्यवाद. मेनू बुकसाठी दोन गाड्या विकत घेतल्या होत्या, आता कळलं. लायसन्सच्या परीक्षांवर वेळ घालवावा का? आणि ३९ नंतर नेमक्या कुठल्या शर्यती पळवायच्या?

---

घाटमाथा

लायसन्स : नॅशनल बी, नॅशनल ए, इंटरनॅशनल बी, इंटरनॅशनल ए आणि सुपर. प्रत्येकात १० परीक्षा. सगळ्या ब्राँझ झाल्या की एक गाडी, सगळ्या गोल्ड झाल्या की आणखी एक. पहिल्या फेरीत फक्त ब्राँझ मिळवून पुढे जा, कारण काही मेनू बुक्सना लायसन्स लागतंच. नॅशनल बी आणि ए चे गोल्ड मात्र आत्ताच करा. त्या परीक्षा २०-३० सेकंदांच्या असतात आणि ब्रेक नेमका कुठे लावायचा हे त्यातूनच हाताला बसतं. गोल्ड हुकतं ते बहुधा ब्रेक उशिरा लावल्याने. गाडी वळणाच्या बाहेर वाहत जाते आणि गॅस द्यायला उशीर होतो. बोर्डाच्या १० मीटर आधी ब्रेक लावून बघा, वेळ कमी होईल.

सर्किट एक्स्पिरियन्स हेही तसंच, ट्रॅकचे तुकडे करून शिकवतात. सगळे तुकडे आणि पूर्ण लॅप मिळून ब्राँझ आणि गोल्डची एकरकमी बक्षिसं असतात. ज्या ट्रॅकवर पुढे पैसे कमवायचे आहेत तिथलं आधी करा. बक्षीसही मिळतं आणि ट्रॅकही पाठ होतो.

---

पिटलेन_७

३९ नंतरच्या शर्यती. क्लीन रेस बोनस धरून आकडे :

ला सार्थ (ल मां), वर्ल्ड टूरिंग कार ७००, ३० मिनिटं : ५,५०,००० + २,७५,००० = ८,२५,०००.
टोकियो एक्स्प्रेसवे, वर्ल्ड टूरिंग कार ६००, १२ लॅप : इथेही ८,२५,०००, वेळ साधारण २५ मिनिटं.
स्पा, वर्ल्ड टूरिंग कार ८००, १ तास : १५,००,०००.

मिनिटाचा हिशोब केला तर टोकियो सगळ्यात वर, ३३ हजारांच्या आसपास. ल मां साडेसत्तावीस हजार, स्पा २५ हजार. तरीही नवख्याने ल मांपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. टोकियोला दोन्ही बाजूंना भिंत आहे, रस्ता अरुंद आहे. एक चूक झाली की बोनस जातो आणि ते साडेपाच लाखच उरतात. ल मांला रस्ता रुंद, सरळ पट्टे लांब, ओव्हरटेक करायला जागा भरपूर.

ल मां कशी पळवायची :

गाडी ७०० पीपीच्या आत बसवलेली कुठलीही चांगली ग्रुप ३ (शर्यतीच्या गाड्यांचा एक वर्ग) घ्या. निघण्याआधी रेसिंग हार्ड किंवा मीडियम, आणि इंटरमीडिएट (ओलसर रस्त्याचे) टायर विकत घेऊन ठेवा. पिटमध्ये तेच टायर मिळतात जे तुमच्या मालकीचे आहेत. हे विसरलात तर पाऊस आल्यावर ओल्या रस्त्यावर स्लिक टायरवर फिरावं लागतं.

इंधनाचा फ्युएल मॅप डी-पॅडने बदलतो. १ म्हणजे पूर्ण ताकद, ६ म्हणजे सगळ्यात काटकसर. सुरुवातीला घोळक्यातून वर येताना १ ठेवा, आघाडी मिळाली की ३ किंवा त्याहून पुढे न्या. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेकच्या थोडं आधी गॅस सोडलात तरी इंधन वाचतं, आणि गिअर लाल रेषेआधीच टाकला तर आणखी.

हवामानाचा रडार उघडा ठेवा. ढग ट्रॅकवर यायला किती वेळ आहे ते त्यात दिसतं. लॅप लांब आहे, साधारण चार मिनिटांचा. पिटचा रस्ता चुकला तर ओल्यात पूर्ण चार मिनिटं काढावी लागतात आणि त्यात पंधरा-वीस सेकंद सहज जातात. ढग तीन मिनिटांवर असेल आणि पिट समोर असेल, तर अजून कोरडं असलं तरी आत जायचा विचार करा. पाऊस बारीक असेल तर मात्र थांबा, कारण कोरड्या रस्त्यावर इंटरमीडिएट पटकन झिजतात.

शेवटची गोष्ट, यात बरेच जण फसतात : शर्यत वेळेवर आहे, लॅपवर नाही. ३० मिनिटं पूर्ण व्हायला पाच सेकंद असताना आघाडीवर राहून रेषा ओलांडलीत, तर अजून एक पूर्ण लॅप मारावा लागतो. त्या लॅपचं इंधन हातात ठेवून चला.

---

शून्य_ते_शंभर

पहिली गाडी सुरुवातीलाच बरीच पुढे असते. तिला पहिल्याच लॅपमध्ये गाठायची घाई नको. दर लॅपला आठ-दहा सेकंद कमी होत गेले तरी ती आपोआप हाती लागते.

---

टायरवाला

रोजची आणि आठवड्याची कामंही आहेत. दिवसाला ४२.१९५ किमी, म्हणजे बरोबर एक मॅरेथॉन, गाडी चालवली की डेली वर्कआउटचं रूलेट तिकीट (नशिबाने बक्षीस देणारं) मिळतं. ल मांच्या एका शर्यतीत हे अंतर सहज भरतं. तिकिटाला मुदत असते, साठवत बसू नका. रूलेटमधून बहुधा लहान रक्कमच निघते, त्यावर हिशोब मांडू नका. नोव्हेंबर २०२३ च्या अपडेटपासून वीकली चॅलेंजेस आहेत, आठवड्याला पाच शर्यती. त्या नक्की करा, कारण शर्यतीचे पैसे तर मिळतातच, वर बक्षीसही.

रूलेटमधून तीच गाडी दुसऱ्यांदा आली तर गॅरेजमधून विकता येते. किती मिळणार ते विकण्याआधी पडद्यावर दिसतं.

---

अपेक्स_शोधक

ऑनलाइन टाइम ट्रायल (ठरलेल्या ट्रॅकवर एकट्याने सर्वोत्तम वेळ नोंदवायची) कोणी सांगितलंच नाही. कमीत कमी वेळात सगळ्यात जास्त पैसे तिथे आहेत. बहुतेक वेळा दोन आठवडे चालतो आणि गाडी उधार मिळते. जगातल्या सर्वोत्तम वेळेच्या ३ टक्क्यांच्या आत आलात तर गोल्ड, २० लाख. ५ टक्क्यांत सिल्व्हर, १० लाख. १० टक्क्यांत ब्राँझ, ५ लाख.

उदाहरण : सर्वोत्तम वेळ १ मिनिट ४० सेकंद असेल तर १:४३ च्या आत गोल्ड, १:४५ च्या आत सिल्व्हर, १:५० च्या आत ब्राँझ. ब्राँझ कंट्रोलरवर अर्ध्या तासात जमतं. वरची वेळ दिवसागणिक कमी होत जाते, म्हणून सीमारेषेवर थांबू नका, अर्धा-पाऊण सेकंद हाताशी ठेवा. वरच्या खेळाडूंचा घोस्ट (त्यांचा लॅप दाखवणारी सावली-गाडी) चालू करून त्याच्यामागे चालवा आणि तो ब्रेक कुठे लावतो एवढंच बघा. बाकी आपोआप जुळतं.

---

नवखा_चालक

लेजंड कार्समध्ये 'लिमिटेड स्टॉक' दिसलं की घाई होते. आणि स्टोअरमधून क्रेडिट्स विकत घेणं कितपत योग्य?

---

घाटमाथा

'सोल्ड आउट' झालेली गाडी काही आठवड्यांनी परत येते, पण कधी ते सांगता येत नाही. त्यामुळे ज्या एका गाडीवर मन आहे तिच्यासाठी पैसे राखून ठेवा, बाकीच्यांकडे बघू नका. महागड्या गाड्या २ कोटींपर्यंत जातात.

स्टोअरमधलं सगळ्यात मोठं पॅक २० लाखांचं. २ कोटींच्या एका गाडीसाठी अशी दहा पॅक लागतील. तीच गाडी ल मांच्या २५ बोनसवाल्या शर्यतींत येते, म्हणजे साडेबारा तासांत. त्यात टाइम ट्रायलचे दोन गोल्ड धरले तर पाच शर्यती कमी. खरे पैसे घालू नका, माझं मत स्पष्ट आहे.

---

शून्य_ते_शंभर

एक राहिलं. जीटी ७ ला एकट्याने खेळतानाही इंटरनेट लागतं. लांब शर्यत सुरू करण्याआधी राउटर इन्व्हर्टरवर आहे का ते बघा, कन्सोलही. आपल्याकडे महावितरण गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवतं अशी गावं बरीच आहेत. अशा दिवशी एक तासाची स्पा लावू नका, लायसन्सच्या छोट्या परीक्षा उरका.