मदत हवी आहे: अ‍ॅसिड पातळ केलं तरी वेग कमी का होत नाही?

नमस्कार मंडळी. मी खानापूरची, बेळगावात पीयूसी दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला). केमिकल कायनेटिक्स, म्हणजे अभिक्रियांच्या वेगाचा धडा, चालू आहे आणि एका प्रॅक्टिकलवर गाडी अडलीय.

सोडियम थायोसल्फेटमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड ओतायचं. गंधक सुटतं, द्रावण दुधाळ होतं आणि फ्लास्कखालच्या कागदावरची फुली दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ घ्यायचा. थायोसल्फेट ५० मिली होतं तेव्हा फुली पाऊण मिनिटात गेली. २५ मिलीत २५ मिली पाणी घातलं, तर दीड मिनिटाच्या आसपास. इथंवर ठीक. कण विरळ, टकरी कमी, वेग निम्मा.

मग थायोसल्फेट तेवढंच ठेवून अ‍ॅसिड निम्म्या संहतीचं घेतलं, तर वेळेत म्हणावा असा फरकच नाही! समीकरणात एका थायोसल्फेटला दोन एचसीएल (हेच हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड) आहेत. मग अ‍ॅसिडचा परिणाम उलट जास्त दिसायला नको? वर्गात विचारलं तर "ऑर्डर प्रयोगानंच ठरते, लिहून घे." ऑर्डर म्हणजे घटकाच्या संहतीच्या कितव्या घातानं वेग बदलतो ते. लिहून घेतलं, पण का?

शिवाय आमची बॅच सकाळची. दुपारवाल्यांचे सगळेच वेळ आमच्यापेक्षा कमी. डिसेंबरातल्या थंडीमुळं का?

प्रतिसाद १

समीकरण हा फक्त शेवटचा हिशेब, वाट कशी गेली ते त्यात नसतं. ही अभिक्रिया अनेक पायऱ्यांत होते. सगळ्यात रेंगाळणारी पायरी वेग ठरवते, त्यामुळं एखाद्या घटकाची संहती वेगात जवळजवळ दिसतच नाही असं होऊ शकतं. नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनमध्ये नायट्रिक ऑक्साइड दुप्पट केला की वेग चौपट, म्हणजे २ चा वर्ग, होतो, तिथं समीकरणातला नायट्रिक ऑक्साइडआधीचा २ जुळतो. पण तापलेल्या प्लॅटिनमवर जास्त दाबाखाली अमोनियाचं विघटन बघ. धातूचा पृष्ठभाग आधीच भरलेला, मग अमोनिया कितीही वाढवा, वेग ढिम्म हलत नाही. भरलेल्या बसला स्टँडवरची गर्दी वाढून काय फरक पडणार?

थंडीचं म्हणतेस ते बरोबर. तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. तेव्हा वेळेशेजारी तापमानही लिहीत जा, नाहीतर दोन बॅचचे आकडे एकत्र करण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद २

आलेख काढताना वेळ नको, १ भागिले वेळ घे. फुली जाते तेव्हा ठरावीक गंधकच साचलेलं असतं, म्हणून १ भागिले वेळ म्हणजे सुरुवातीचा वेग धरता येतो. थायोसल्फेटच्या संहतीसमोर तो मांडला की जवळजवळ सरळ रेष येईल. एकूण आकारमान मात्र दरवेळी तेच हवं, द्रावणाची खोली बदलली की फुली लवकर-उशिरा जाते. आणि थंडी असली तरी खिडक्या उघडा बाई, या अभिक्रियेतून सल्फर डायऑक्साइड हा घातक वायू सुटतो.