मदत हवी आहे: मलेरियात गॅमिटोसाइट वाढतात ते व्हेसिकल्समुळे की लिपिड घटल्यामुळे?

मंडळी, नमस्कार. मी एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी करतेय. सेमिनारसाठी मलेरियातल्या एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्सवर वाचताना एका जागी अडकलेय.

फाल्सिपॅरम या मलेरियाच्या परजीवीने बाधित झालेली तांबडी पेशी अतिसूक्ष्म, पटलाने वेढलेली व्हेसिकल्स बाहेर सोडते. त्यांत परजीवीची प्रथिनं, आरएनए, डीएनएसुद्धा सापडतात. २०१३ मध्ये मेलबर्न आणि हार्वर्डच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की ही व्हेसिकल्स इतर बाधित पेशींपर्यंत पोचली की तिथले परजीवी जास्त प्रमाणात गॅमिटोसाइट, म्हणजे डासात जाऊन पुढे पसरणारं लैंगिक रूप, होतात. मेलबर्नचा प्रयोग मला फारच आवडला. परजीवीचे दोन वाण, प्रत्येकाकडे वेगळ्या औषधाला दाद न देणारा जनुक. दोन्ही औषधं एकदम दिली तर एकेकटा वाण मरतो, पण दोघं एकत्र वाढवले तर तगतात, कारण व्हेसिकल्समधून जनुकाची देवाणघेवाण होते.

मग २०१७ चा पेपर वाचला. त्यात म्हटलंय की भोवतालचं लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन हे लिपिड घटलं की परजीवी गॅमिटोसाइटच्या वाटेला लागतो. दाट कल्चरचं वापरलेलं माध्यम घातलं की गॅमिटोसाइट वाढतात, हे जुनंच निरीक्षण. त्या माध्यमातलं हे लिपिड परजीवींनी संपवलेलं असतं, असा खुलासा तिथे आहे. मग व्हेसिकल्सची भूमिका काय उरते? लिपिड आणि व्हेसिकल्स हे दोन वेगळे इशारे शेवटी एपी२-जी या गॅमिटोसाइट होण्याची कळ दाबणाऱ्या जनुकापाशीच येऊन मिळतात का? माझा कल तिकडे आहे, पण थेट पुरावा मला सापडलेला नाही.

शिवाय प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक नाही, एंडोसोमची (पेशीत माल आत-बाहेर नेणाऱ्या पटलाच्या पिशव्यांची) यंत्रणाही नाही. मग व्हेसिकल्स घडतात कुठे? मॉरर्स क्लेफ्ट (परजीवीने तांबड्या पेशीत उभारलेल्या पटलाच्या चपट्या पिशव्या) आणि पीटीपी२ हे परजीवीचं प्रथिन यांचा उल्लेख वाचला, पण पुढची पायरी कळली नाही. आणि दुसरी पेशी ती आत घेते तरी कशी?

मी गडचिरोलीची आहे. आमच्याकडे फाल्सिपॅरम घरोघरी माहीत आहे. ताप उतरला तरी रक्तात गॅमिटोसाइट राहतात आणि डासाला तेच पुरतात, म्हणून तर प्रायमाक्विन हे गॅमिटोसाइट मारणारं औषध देतात. त्यामुळे हा विषय नीट समजून घ्यायचाच आहे.

फाल्सिपॅरमचं कल्चर प्रत्यक्ष करणारं कुणी इथे असेल तर एवढं नक्की सांगा: व्हेसिकल्स वेगळी काढताना फुटलेल्या पेशींचा कचरा कसा गाळता? आणि कंट्रोल म्हणून निरोगी पेशींची व्हेसिकल्स पुरेशी धरता का?