विचारांवरच्या विचाराला काय म्हणावं?

प्रश्न : आपला विचार कसा चालला आहे हे ओळखणं, तो तपासणं, गरज पडली तर बदलणं, या क्षमतेला मानसशास्त्रात ‘मेटाकॉग्निशन’ म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७० च्या दशकात हा शब्द रुजवला. मराठीत ‘आत्मपरीक्षण’ चालेल का? आणि कारणं पारखून वागणाऱ्या माणसाच्या ठायी जे असतं, त्याला ‘कर्तृत्व’ म्हणावं का?

– ‘आत्मपरीक्षण’ नको. त्यात वागण्याचा हिशेब येतो : कुठे चुकलो, कुठे कमी पडलो. गणित सोडवताना ‘ही पायरी मला समजली आहे की नुसती ओळखीची वाटते आहे?’ असं थांबून पाहणं त्यात बसत नाही. ‘कर्तृत्व’ म्हटलं की आज मोठी कामगिरी आठवते. ‘कर्तेपण’ बरं. व्याकरणकार पाणिनीची व्याख्याही सोबतीला आहे : ‘स्वतन्त्रः कर्ता’, म्हणजे जो स्वतंत्र तो कर्ता.

– न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्क-ज्ञानविचाराच्या परंपरेत, ‘अनुव्यवसाय’ आहे की! ‘हा घट आहे’ हे ज्ञान म्हणजे व्यवसाय आणि ‘मला घटाचं ज्ञान झालं आहे’ हे त्यामागून येणारं ज्ञान म्हणजे अनुव्यवसाय.

– सुंदर शब्द, पण अर्थ अर्धाच. अनुव्यवसायाने ज्ञान झाल्याचं कळतं. ते खरं आहे का, हे नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या, मते वेगळं ठरवावं लागतं. त्यालाच ते परतःप्रामाण्य म्हणतात. आपल्याला हवा आहे तो हा दुसरा, पारखण्याचा भाग.

मला तर वाटतं, नामापेक्षा आपली क्रियापदं जास्त सांगतात. मला वाटतं, मला सुचतं, मला आठवतं : इथे ‘मी’ कर्ता नाहीच, विचार माझ्याकडे येतो. मी तपासतो, मी ठरवतो, मी मानतो : इथे ‘मी’ कर्ता होतो. ‘तो मला टाळतोय असं वाटतं’ आणि ‘तो मला टाळतोय असं मी मानतो’ या दोन वाक्यांमध्ये कितीतरी काम झालेलं असतं. पुरावा काय, दुसरं कारण असू शकेल का, मी रागात तर नाही ना? विवेकी कर्तेपण मला या मधल्या जागेत दिसतं.

– मग ‘पटणं’ कुठे बसवायचं? तेही ‘मला पटतं’ असंच आहे.

– हो, आणि ते तसंच असायला हवं. पटवून घ्यायचं असं नुसतं ठरवून काही पटत नाही. कारणांनीच पटावं लागतं. कारणं शोधायची, विरुद्ध बाजू ऐकायची, घाई टाळायची, एवढंच आपल्या हातात. म्हणून कर्तेपण म्हणजे मनावर पूर्ण ताबा, असा अर्थ कुणी लावू नये.

प्रश्नकर्ता : आभार. लेखात ‘मेटाकॉग्निशन’साठी ‘विचारपरीक्षण’ आणि ‘कर्तृत्व’ऐवजी ‘विवेकी कर्तेपण’ वापरतो. ‘अनुव्यवसाय’ तत्त्वज्ञानाच्या प्रकरणात, अर्थ उलगडून.