जुने बँड गावोगाव फिरायचं सोडून एकाच थिएटरात मुक्काम का ठोकतात?

साउंडवाला_सातरस्ता
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात बावीस वर्षं साउंड भाड्यानं देतो. लग्न, गणपती, व्याख्यानमाला, ऑर्केस्ट्रा, मिळेल ते. घरी मात्र ऑलमन ब्रदर्स, हा अमेरिकेतला जुना रॉक बँड. थोरल्या भावानं पुण्याहून कॅसेट आणली होती, मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या हॉलमध्ये वाजवलेलं लाइव्ह. एका गाण्यात टेप अडकली, तेव्हापासून तिथं गिटार रडल्यासारखी येते. आता मूळ रेकॉर्डिंग ऐकलं की तेच चुकीचं वाटतं!

तर याच बँडनं १९८९ साली न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरात पहिल्यांदा वाजवलं आणि पुढं मार्च आला की बीकन, असं ठरूनच गेलं. बीकन म्हणजे १९२९ चं सिनेमा थिएटर, २,८०० च्या आसपास खुर्च्या. मोठमोठी स्टेडियमं भरवणाऱ्या रॉक गायक टॉम पेटीनंही १९९७ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या छोट्याशा फिलमोर हॉलमध्ये २० रात्री काढल्या. गायक बिली जोएलनं तर २०१४ ते २०२४ जवळजवळ दर महिन्याला न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. (ते काही थिएटर नव्हे, पण मुक्काम तो मुक्कामच.)

आमचा टेम्पोवाला म्हणतो, "म्हातारे झाले ओ, गुडघे गेले, अजून काय!" मला ते पटत नाही. गेल्या वर्षी एका सभागृहात पाच दिवसांची व्याख्यानमाला होती. पहिल्या दिवशी माईकनं अशी शिट्टी मारली की अध्यक्षांनी कान धरले. रिकाम्या हॉलमध्ये सगळं बरोबर लावलं होतं, पण माणसं बसली की आवाज बदलतो. मागची भिंत सपाट, तिथून शब्द परत यायचा. दुसऱ्या दिवशी घरनं चार चादरी नेल्या, आपल्याच सोलापुरी, आणि मागं टांगल्या. तिसऱ्या दिवशी हॉल हाताला आला. चौथ्या दिवशी मी मिक्सरला हातच लावला नाही, बसून व्याख्यान ऐकलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा!

म्हणून वाटतं, हे लोक आवाजासाठी थांबत असतील. का मी आपल्याच धंद्याच्या चष्म्यातून बघतोय?

विंगेतला_माणूस
चष्मा बरोबर आहे, नंबर थोडा कमी आहे. 'मुक्काम' हा शब्द तुम्ही सहज वापरलात, पण तो आमच्या नाटकवाल्यांचा. संगीत नाटकांच्या जमान्यात कंपनी गावात आली की आठवडेच्या आठवडे हलायची नाही. सोबत आचारी, शिंपी, रंगारी, सगळं बिऱ्हाड. आणि गाव एकच असल्यामुळं रोज तेच नाटक लावून चालायचं नाही, तीच माणसं परत यायला पाहिजेत ना! आज एक, परवा दुसरं, मागणी आली तर पहिलं पुन्हा. बीकनवाल्यांचंही तेच असणार, रोज गाण्यांची यादी वेगळी.

पुढं बोलपट आले, कंपन्या बसल्या, आणि आपण उलट्या दिशेनं गेलो. आता सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक येतं ते एका रात्रीपुरतं. दुपारी ट्रक, संध्याकाळी सेट उभा, रात्री खिळे उपटून पुढच्या गावाला. नट विंगेत विचारतो, "आज कुठलं गाव?" थट्टा नाही, मी स्वतः उत्तर दिलंय.

तमाशातही दोन वाटा आहेतच. ढोलकी फडाचा तमाशा कनात घेऊन जत्रा-जत्रांना फिरतो, संगीत बारी थिएटरात बसते आणि रसिक तिच्याकडं जातो. मोडनिंबला जाणाऱ्यांना हे सांगायला नको.

जर्सीकर_सोलापुरी
मी बीकनला गेलोय! २००९, बँडचं चाळिसावं वर्ष, १५ कार्यक्रम. १९ आणि २० मार्चला नामांकित गिटारवादक एरिक क्लॅप्टन येऊन वाजवून गेला. माझं तिकीट २१ चं. बायको अजून हसते.

पण साउंडवाले, तब्येतीचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. मार्च २०१४ ला बँडचा गायक ग्रेग ऑलमन आजारी पडला आणि शेवटचे चार कार्यक्रम पुढं ढकलले. ते झाले ऑक्टोबरात, त्याच थिएटरात, त्याच बँडचा शेवट म्हणून. २८ ऑक्टोबरची रात्र मध्यरात्र ओलांडून गेली, म्हणजे २९ उजाडली. ग्रेगचा भाऊ, बँडचा गिटारवादक ड्वेन ऑलमन गेला ती तारीख, १९७१ ची.

आणि मुक्कामाची जागा काही आपल्या नावावर नसते. २०१० ला बीकनमध्ये सर्कसवाल्यांचा खेळ लागला, यांना न्यूयॉर्कमधल्याच युनायटेड पॅलेस थिएटरला जावं लागलं.

होम_मैदान
सगळं छान. पण भाडं कोण भरतंय ते बघा की! दौऱ्यात बँड फिरतो, मुक्कामात आपण फिरायचं. डिसेंबर २०१९ ला यू टू हा रॉक बँड नवी मुंबईत आला तेव्हा रात्रीच्या गाडीनं जाऊन, लांबून का होईना, मी बघितले. मुंगीएवढे दिसले, पण दिसले. पुढं त्यांनी २०२३-२४ ला लास वेगासच्या स्फिअर या सभागृहात ४० कार्यक्रम केले. लास वेगासला सिद्धेश्वर एक्स्प्रेस जात नाही. आवाज चांगला मिळत असेल, पण कुणाला? मला आपल्या गड्डा यात्रेतला पाळणा आवडतो तो एवढ्यासाठीच, तो दर जानेवारीला आपल्या गावात येतो.

साउंडवाला_सातरस्ता
होम मैदान, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी कायम मिक्सरमागं उभा, तिकीट काढून कार्यक्रम बघितलाय कधी?

विंगेतले काका, तुमचं उत्तर टेम्पोवाल्याला वाचून दाखवलं. खिळे उपटण्याचा भाग त्यानं दोनदा वाचायला लावला. म्हणाला, "म्हणजे पाच दिवस एकाच जागी असलं की बॉक्स एकदाच चढवायचे, एकदाच उतरवायचे? मग म्हातारे हुशार आहेत." आणि पुढच्या व्याख्यानमालेचं भाडं कमी घेणार का विचारलं, तर फोन आल्यासारखं करून बाहेर गेला.

जर्सीकर, २१ तारखेला काय काय वाजवलं ते सवडीनं लिहा.