अनुभव धागा: घरी सेवा करणाऱ्याला नेमकी काय मदत करावी?

चाफेकळी
आज जिन्यात कुणीतरी कुणाला म्हणालं, "काही लागलं तर सांग हं," आणि मागचं सगळं डोळ्यांपुढे आलं. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं की हे वाक्य रोज कानावर पडतं. म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण काय लागतंय ते शोधायचं, मागायचं, समोरच्याची सवड बघायची, ही तिन्ही कामं पुन्हा सेवा करणाऱ्याच्याच गळ्यात पडतात. त्यापेक्षा काम आणि वेळ ठरवूनच विचारावं: "बुधवारी चार ते सहा मी बसते, तू झोप." मग हो किंवा नाही एवढंच म्हणायचं उरतं. तुम्हाला काय उपयोगी वाटतं ते लिहा, बारीकसारीकसुद्धा.

रात्रपाळी
रात्र घ्या! दिवसाचे दोन तास बँक आणि औषधं आणण्यातच जातात, झोप होतच नाही. आठवड्यातून एक अख्खी रात्र. सेवा करणाऱ्याला दुसऱ्या खोलीत झोपवा, दार लावून घ्या, त्याचा फोन तुमच्याजवळ ठेवा. दर दोन तासांनी उठणाऱ्याला पुरेशी गाढ झोप मिळत नाही. चिडचिड, विसरभोळेपणा, लगेच रडू येणं, यातलं बरंचसं तिथूनच येतं.

निशिगंध
बसायला जाणाऱ्यांसाठी. (बरीच वर्षं वॉर्डात काम केलंय म्हणून सविस्तर लिहितेय.)
पहिल्या वेळी सेवा करणारी व्यक्ती घरात असतानाच जा आणि सगळं बघून घ्या, नाहीतर बाहेर जाऊनही तिचा जीव घरातच अडकतो. एक कागद लिहून घ्या: औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर, काय झालं तर लगेच फोन करायचा.
एकाच जागी दाब पडून कातडीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस साधारण दर दोन तासांनी बदला. पूर्ण कुशीवर नको, खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे उशी लावून तीसेक अंश कलतं ठेवा, गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. डोक्याकडची बाजू जेवणाखेरीज फार उंच ठेवू नका, माणूस खाली घसरतो आणि माकडहाडापाशी कातडी ताणली जाते. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. पांढरा न पडता लालच राहिला तर आतली इजा सुरू झालीय, त्या बाजूवर झोपवू नका आणि डॉक्टरांना कळवा. तिथे चोळायचं अजिबात नाही. चोळल्याने बरं वाटेल म्हणून सगळे तेच करतात. मधे भोक असलेली गोल उशीही नको, भोवतीच्या कातडीचा रक्तपुरवठा दाबला जातो.

पाऊलवाट
निशिगंधताई, हवेची गादी असेल तर कूस बदलायची गरज नाही ना?

निशिगंध
आहे हो दादा. गादीने दाब कमी होतो, संपत नाही. दोन तासांचं अंतर किती वाढवायचं ते कातडी बघून ठरवायचं.

मितवा
लघवीची पिशवी!! नवखे लोक कूस बदलताना ती उचलून पलंगावर ठेवतात. नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, नाहीतर लघवी उलटी जाते आणि संसर्ग होतो. जमिनीलाही टेकू द्यायची नाही. पूर्ण भरायची वाट न बघता रिकामी करा. नळीला पीळ बसलाय का ते प्रत्येक वेळी बघा.

सांजवात
आमच्याकडे विषय स्मृतिभ्रंशाचा. "मला घरी जायचंय" असं माणूस स्वतःच्या घरात बसून म्हणतं. "हेच तुझं घर" म्हणून वाद घालू नका. "घरी कोण कोण असतं?" असं विचारा, बोलतं करा, मग हळूच दुसऱ्या कामाकडे वळवा. संध्याकाळी अस्वस्थता वाढते, म्हणून अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, पडदे ओढा. काचेतल्या प्रतिबिंबालाही घाबरतात. बसायला येणाऱ्याला हे आधी सांगितलं नाही तर तो परत येत नाही.

पाऊलवाट
खरंय सांजवात. खूप धीराचं काम आहे तुमचं. 🙏

अबोली
थोडं जड लिहितेय. सेवा करणारा "नको झालंय सगळं" म्हणाला तर "असं बोलू नये" म्हणून तोंड बंद करू नका. सरळ विचारा, "मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. आणि या घरांत झोपेच्या, वेदनेच्या गोळ्यांचा साठा असतो, तो ताबडतोब दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा. हे सगळ्यात आधी करा.
उत्तर नाही आलं तरी विषय बदलू नका, ऐका. "तू किती खंबीर आहेस" म्हटलं की पुढचं रडणं आतच राहतं.

चाफेकळी
अबोली, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. गोळ्यांचं कुणाच्या लक्षातच येत नाही.

मितवा
गोळ्यांवरून आठवलं. आठवड्याचा डबा भरून देणं ही उत्तम मदत आहे, सात दिवस, चार खण. पण ज्या गोळ्यांना दमट हवा चालत नाही त्या पाकिटातच राहू द्या. आणि गिळता येत नाही म्हणून सरसकट कुटू नका. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. औषधवाल्याला यादी दाखवून विचारा, बऱ्याचदा पातळ औषध मिळतं.

रात्रपाळी
निशिगंधताई, माणूस पलंगावर असताना चादर एकट्याने कशी बदलायची? उद्या जायचंय.

निशिगंध
आधी पलंगाच्या चाकांना ब्रेक, पलीकडचा कठडा वर. माणसाला त्या कठड्याकडे कुशीवर वळवा. जुनी चादर लांबीने गुंडाळत पाठीपर्यंत न्या. नवी अर्धी पसरा, उरलेली तिथेच गुंडाळून ठेवा. मग अलीकडचा कठडा वर करा, माणसाला त्या गुंडाळीवरून आपल्या बाजूला वळवा, पलीकडे जाऊन तिकडचा कठडा खाली घ्या, जुनी काढा, नवी ओढून घ्या. सुरकुती राहू देऊ नका. माणूस जड असेल किंवा पलंगाला कठडे नसतील तर एकट्याने करू नका, कुणालातरी बोलवा. किती वाजता जाताय?

रात्रपाळी
नऊला. कठडे आहेत, पण शेजारच्यांना थांबवून घेते.