मदत हवी आहे: लॅपटॉपची बॅटरी गेली, नवीन घेईपर्यंत कसं चालवू?

पानगळ:
बॅटरी पार गेलीये. ३०-४० टक्के दाखवत असतानाच धाडकन बंद पडतो, वॉर्निंग नाही काही नाही. नवीन लॅपटॉप घ्यायचाच आहे पण अजून दोन-तीन महिने तरी जमणार नाही, तोवर याच्यावरच रेटायचंय आणि नवीन बॅटरीवर खर्च करायचा नाहीये. काय करू? लवकर सांगा प्लीज, प्रबंध चालू आहे आणि आज परत लिहिलेलं पान उडालं.

खटपट्या:
मॉडेल कोणतं? किती जुना? बॅटरी बाहेरून निघते की आत बसवलेली?

पानगळ:
विंडोज आहे. पाचेक वर्षं झाली असतील. बाहेरून निघत नाही. मॉडेलचा काय संबंध?

खटपट्या:
संबंध आहे, काही कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारी मूळ सेटिंग्ज) चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, काहींच्यात नसते. ते राहू दे, आधी कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा. एक फाइल तयार होईल, त्यात डिझाइन कपॅसिटी (नवीन असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता फुल चार्जला मावते ती) असे दोन आकडे असतात ते इथे टाका.

जुनाजाणता:
एवढं काही करायची गरज नाही. फुल चार्ज करा, पूर्ण संपेपर्यंत वापरा, परत फुल चार्ज करा. माझ्या लॅपटॉपचं असंच व्हायचं, दोन वेळा केल्यावर सुरळीत झालं.

मिलीव्होल्ट:
त्याने फक्त टक्क्यांचा मीटर जागेवर येतो हो, बॅटरीची ताकद परत येत नाही. सेल जुने झाले की त्यांचा आतला रोध वाढतो, मग प्रोसेसरने जरा जास्त करंट ओढला की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि मशीन बंद, मीटर काही का दाखवेना. लिथियम बॅटरी सारखी शून्यावर नेणं तर उलट वाईट.

जुनाजाणता:
मी अनुभवाचं सांगतोय, पुस्तकातलं नाही.

उंबरठा:
नवीन घेताना १६ जीबी रॅम आणि एसएसडी बघूनच घ्या, ८ मध्ये भागवू नका. आणि स्क्रीन मॅट घ्या, डोळ्यांना बरं पडतं.

लिनक्सप्रेमी:
विंडोज १० असेल तर तसाही १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपलाय. हलकं लिनक्स टाका, जुनं मशीन मस्त पळतं, नवीन घ्यायचीच गरज नाही.

पानगळ:
मी विचारलंय काय आणि चाललंय काय! प्रबंधाच्या मध्यात मी ऑपरेटिंग सिस्टम बदलत बसू का? रिपोर्ट काढला, डिझाइन ४२००० आणि फुल चार्ज १६०००.

खटपट्या:
म्हणजे ४० टक्केसुद्धा उरलेली नाही. कायम चार्जरवर चालवा. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये क्रिटिकल बॅटरी लेव्हल ५० करा आणि ॲक्शन हायबरनेट ठेवा, म्हणजे लाइट गेली तरी बंद पडायच्या आधी काम डिस्कवर जाईल. ऑटोसेव्ह चालू करा.

पानगळ:
हे करते, थँक्स. अजून एक, टचपॅडचं क्लिक हल्ली दाबलंच जात नाही, तोही बदलावा लागेल का? नाहीतर माउस लावते.

मिलीव्होल्ट:
थांबा. टचपॅड वर आलाय का? झाकण नीट मिटतं? टेबलावर ठेवल्यावर हलतो का?

पानगळ:
हो थोडा डुलतो. झाकणात फट राहते, पण ती बरेच दिवस आहे.

मिलीव्होल्ट:
मग बॅटरी फुगलीये, तीच आतून टचपॅडला ढकलतेय. हे आधी सांगायला हवं होतं, आता वरचं सगळं बाद. चार्जर काढा, प्रबंध पेनड्राइव्हवर घ्या आणि मशीन बंद करा, परत चार्जिंगला लावू नका. आत वायू साठलेला असतो, सेल दाबला गेला किंवा टोचला गेला तर पेट घेऊ शकतो.

जुनाजाणता:
फुगली असेल तर माझा उपाय अजिबात करू नका. यात मिलीव्होल्टशी सहमत.

पानगळ:
बापरे. कॉपी केलं, बंद केलाय. बॅटरी काढून टाकली तर नुसत्या चार्जरवर चालेल का?

खटपट्या:
बरेचसे चालतात. काही मॉडेल बॅटरीशिवाय प्रोसेसरचा वेग कमी करतात, काही सुरूच होत नाहीत, म्हणून तर मॉडेल विचारत होतो. चालला तरी लाइट गेली की जागच्या जागी बंद होणार, हायबरनेटला वेळच मिळणार नाही.

मिलीव्होल्ट:
घरी उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या. काढलेली बॅटरी कचऱ्यात नाही, ई-कचऱ्यात द्यायची. आणि नेताना बॅगेत पुस्तकांखाली दाबून भरू नका.