पार्किंगमधले दोन फ्रीज, जिन्याखालचा टीव्ही आणि रविवारचा भंगारवाला

सेक्रेटरी: दिवाळीच्या आत पार्किंग मोकळं करायचं आहे. बी विंगखाली दोन फ्रीज आणि एक वॉशिंग मशीन, जिन्याखाली डबा टीव्ही, गच्चीवर एक स्प्लिट एसी. भंगारवाला रविवारी येतोय. फ्रीजचे प्रत्येकी आठशे म्हणतो. ज्यांचं सामान असेल त्यांनी होकार कळवा.

देशपांडे काका, बी-४०२: पांढरा फ्रीज आमचा. ९४ सालचा. आतला दिवा अजून लागतो बरं का! थंड मात्र होत नाही. देऊन टाका.

स्नेहल, ए-१०३: सर, फ्रीज आणि एसी तरी त्याला नका देऊ प्लीज. मागे त्याच्या पोराने गेटपाशीच नळी कापली होती. फुस्स करून सगळा गॅस बाहेर.

कुलकर्णी काकू, ए-५०४: अगं, रोख पैसे देतोय, उचलूनही नेतोय. आपण कुठे शोधत बसायचं? आणि आज पाणी किती वाजता सोडणार आहेत?

सेक्रेटरी: पाणी साडेपाचला.

शिंदे, सी-२०१: माझं आयुष्य फ्रीज-एसीच्या सर्व्हिसिंगमध्ये गेलं, म्हणून जरा लांबण लावतो. काका, थंड होत नाही म्हणजे गॅस गेलाय असं नसतं. कॉम्प्रेसर बसला असेल तरी गॅस आतच असतो. ९४ चा म्हणजे थंड करणारा गॅस आर-१२ असणार, मागे कॉम्प्रेसरजवळच्या पट्टीवर बघा. हाच तो ओझोनला भोक पाडणारा. आपल्याकडे २०१० पासून तो बंद झाला, पण जुन्या फ्रीजच्या पोटात आहेच. शिवाय तापमान वाढवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जास्त. घरगुती फ्रीजमध्ये शंभर-सव्वाशे ग्रॅम धरा. तेवढा सोडला की टनभर कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. नंतरच्या आर-१३४ए ने ओझोनला धक्का नाही, पण उष्णता धरतो तेराशे-चौदाशे पट. अलीकडच्या फ्रीजमध्ये आर-६००ए असतो, तो आपल्या सिलिंडरच्या गॅसचा सख्खा भाऊ. तो पेटतो. तिथे बिडी ओढत नळी कापणाऱ्याचं नशीब!
जुन्या फ्रीजच्या भिंतीतल्या फोममध्येही तसलाच गॅस अडकलेला असतो. पत्रा सुटावा म्हणून फोम जाळतात, तेव्हा तोही जातो आणि वर विषारी धूर.

जाधव, सी-३०२: गच्चीवरचा एसी माझा आहे. चालू आहे, नवीन घेतोय म्हणून काढायचाय.

शिंदे, सी-२०१: चालू आहे ना, मग उत्तम. फिटरला ‘पंप डाउन कर’ एवढंच सांगायचं. एसी चालू ठेवून आउटडोअरचा बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करतात, गॅस आउटडोअरमध्ये ओढला गेला की जाड नळीचाही बंद आणि लगेच स्विच ऑफ. पाच मिनिटांचं काम. पण घाईतला फिटर सरळ नट ढिले करतो. तुमच्यात आर-२२ असेल तर किलोभर तरी गॅस असेल, तोही अठराशे पटींचा. तो काढेल तेव्हा मला हाक मारा, मी वर येतो.

स्नेहल, ए-१०३: आणि डबा टीव्हीचं पण सांगते. त्याच्या काचेत शिसं असतं. तांब्याच्या कॉइलसाठी मागची मान फोडतात, कॉइल खिशात आणि काच नाल्यात.

मोरे, बी-१०१: सगळं पटलं, पण त्या माणसाच्या पोटावर का पाय द्यायचा? वर्षानुवर्षं येतोय आपल्याकडे.

शिंदे, सी-२०१: त्याला कोण तोडतंय? गंजलेली कपाटं, सायकली, रद्दी सगळं त्यालाच द्या. गॅस काढायचं यंत्र त्याच्याकडे नाही, हा त्याचा दोष नाही. आठशेतले बरेचसे त्या कॉम्प्रेसरमधल्या तांब्याचे असतात, म्हणून तर नळी आधी कापली जाते.

कुलकर्णी काकू, ए-५०४: मग द्यायचं कुणाला ते सांगा, उगाच शाळा नको.

स्नेहल, ए-१०३: काकू, १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. फ्रीज, एसी, टीव्ही, वॉशिंग मशीन सगळं त्यात येतं आणि रिसायकलिंगची जबाबदारी ते बनवणाऱ्या कंपनीवर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी असलेल्या रिसायकलर्सची नावं मिळतात. त्यातल्या एकाशी मी बोलले. पाच वस्तू असतील तर गाडी पाठवतो म्हणाला. फ्रीजचे तीनशे देईल आणि पावती देईल.

देशपांडे काका, बी-४०२: म्हणजे पाचशेचं नुकसान. असू दे. पण तो तरी गॅस काढतो कशावरून?

शिंदे, सी-२०१: बरोबर विचारलंत. नुसत्या पावतीवर जाऊ नका. फ्रीजमधला गॅस कशात भरता आणि पुढे त्याचं काय करता, हे विचारा. नीट उत्तर आलं नाही तर दुसरा बघू. स्नेहलताई, त्यांचा नंबर मला पाठवा, मीच बोलतो.

सेक्रेटरी: ठीक. रविवारी भंगारवाल्याला फक्त लोखंड आणि रद्दी. बाकी पाचही वस्तू शिंदे साहेबांचा होकार आला की रिसायकलरकडे. ट्यूब आणि सीएफएल वेगळ्या खोक्यात, न फोडता ऑफिसमध्ये आणा, त्यात पारा असतो. एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर दुकानदाराला जुनं कुठे जातं ते विचारून घ्या.

मोरे, बी-१०१: गाडी येईपर्यंत दोन्ही फ्रीजची दारं काढून ठेवा. पोरं लपाछपी खेळतात तिथे. जुन्या खिट्टीचं दार आतून उघडत नाही.

देशपांडे काका, बी-४०२: आमच्याला खिट्टीच आहे. आत्ता खाली जातो. पाना कुणाकडे आहे?

जाधव, सी-३०२: आणतो काका.